मंद आंदोलक आणि स्वराचा जिवंतपणा : मिनिमोगच्या निमित्ताने

सिंथेसायझरच्या स्वरावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा, की तो निर्जीव असतो. त्याला उत्तर म्हणून या वाद्याचे कैवारी मंद आंदोलकाकडे बोट दाखवितात. वादक ज्याला एलएफओ म्हणतात तो हाच. कंपने सेकंदाला सुमारे 20 पेक्षा कमी झाली, की कानाला त्यांतून स्वर ऐकू येत नाही. परंतु तेच विद्युत्स्पंदन दुसऱ्या स्वराला हलवू शकते. स्वराच्या उंचीवर ते सोडले तर स्वरकंप निर्माण होतो, तीव्रतेवर सोडले तर आवाज लहानमोठा होत राहतो आणि फिल्टरवर सोडले तर नादाचा रंग आळीपाळीने उजळतो व मंदावतो. या हालचालीलाच जिवंतपणा म्हणावे काय, हा खरा प्रश्न आहे.

रॉबर्ट मोग यांच्या ट्रुमन्सबर्ग येथील कारखान्यात 1970 मध्ये सिद्ध झालेले मिनिमोग हे वाद्य या प्रश्नाच्या विचारास विशेष उपयुक्त आहे. त्यात मंद आंदोलक म्हणून निराळा भाग नाही. तीन आंदोलकांपैकी तिसराच पट्ट्यांच्या अंमलातून सोडवून मंद गतीवर आणावयाचा असतो. म्हणजे स्वराला हालचाल मिळते ती एका आवाजाचे मोल देऊन. त्रिकोणी लहर निवडल्यास स्वर सावकाश वरखाली झुलतो. चौकोनी निवडल्यास तो दोन स्थानांमध्ये उड्या मारतो.

तथापि एवढ्याने आक्षेपाचे निरसन होत नाही. यंत्राचे आवर्तन पहिल्या क्षणी जसे, तसेच शेवटच्या क्षणी असते. दरबारी कानड्यातील आंदोलित गांधाराशी तुलना केली म्हणजे भेद स्पष्ट होतो. तेथे आंदोलनाची गती व व्याप्ती गायकाच्या त्या त्या स्वरवाक्यातून ठरते. यंत्राला मागचा स्वर स्मरत नाही आणि पुढचा ठाऊक नसतो.

ही उणीव मिनिमोगमध्ये काही अंशी भरून निघते ती डाव्या हाताच्या चाकामुळे. आंदोलनाचा परिणाम किती व्हावा, हे त्या चाकाने ठरते. वादक दीर्घ स्वर प्रथम स्थिर ठेवून अखेरीस त्यात कंप आणू शकतो. आंदोलकात अनियमित गोंगाट मिसळून आवर्तनाचा काटेकोरपणा मोडूही शकतो. मात्र वेग बदलावयाचा तर हात निराळ्या खुंटीकडे न्यावा लागतो. ही मर्यादा मान्य करूनही असे म्हणता येईल, की अभिव्यक्ती आंदोलकात नसून त्याच्या नियमनात आहे.

2016 च्या पुनर्निर्मित मिनिमोगमध्ये स्वतंत्र मंद आंदोलक आला आणि तिसरा आवाज मोकळा झाला. ही सोय निःसंशय मोठी आहे. परंतु या हालचालीसाठी एक आवाज गमवावा काय, असा विचार पूर्वी वादकाला करावाच लागे. आता तो त्याला आपणहून करावा लागेल.