दोष एकट्या सांडपाण्याचा?

प्रदूषणामुळे प्राण्यांच्या लिंगात बदल होतात, असे सांगणाऱ्या लेखांत गोड्या पाण्यातील ‘कोळंबी’चे उदाहरण अनेकदा येते. एकाच शरीरात नराची आणि मादीचीही लक्षणे, कारण, सांडपाणी! आमचा आक्षेप या घाईला आहे.

प्रथम प्राणी पाहू. युरोपातील ओढ्यांत कुजक्या पानांत राहणारा गॅमॅरस ही खरी कोळंबी नव्हे. तो दोन्ही बाजूंनी चपटा असा, तिचा दूरचा नातलग आहे. मादी छातीखालच्या पिशवीत अंडी सांभाळते. आंतरलिंगी गॅमॅरसमध्ये या पिशवीच्या पट्टिका आणि नराचे जननांकुर असे दोन्ही आढळतात. गांडुळे सगळीच उभयलिंगी असतात. येथे नर-मादी वेगळे असलेल्या जातीत काही थोडेच प्राणी असे निपजतात. हा फरक वर्गात स्पष्ट व्हायला हवा.

आता कारण. १९५४ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ हेलेन शार्निओ-कोतों यांनी याच गटातील एका जातीच्या नराची विशिष्ट ग्रंथी मादीत बसवली; मादीत नराची लक्षणे उमटली. ही ग्रंथी वाढली तर नर, न वाढली तर मादी. गॅमॅरस ड्युबेनी या जातीत दिवसाची लांबीही लिंग ठरवण्यात भाग घेते. मोठ्या दिवसांत नर जास्त निपजतात. याच जातीत नोसेमा ग्रॅन्युलोसिस हा सूक्ष्म परजीवी अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो. नराकडून त्याला पुढे वाट नाही. म्हणून तो होऊ घातलेल्या नरांना माद्या बनवतो. हे काम अर्धवट राहिले की आंतरलिंगी प्राणी तयार होतो, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

म्हणजे सांडपाणी निर्दोष, असे नव्हे. २००१ च्या एका अभ्यासात सांडपाणी-प्रक्रिया केंद्रांच्या खालच्या प्रवाहातील गॅमॅरस पुलेक्सच्या अंडपेशींत विकृती आढळल्या. परंतु अंडपेशीतील विकृती म्हणजे आंतरलिंगीपणा नव्हे.

असा लेख वाचताना मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवावे: परजीवी तपासला का? स्वच्छ ओढ्यातील प्राणी तुलनेला घेतले का? ऋतू कोणता होता?

आणि या उदाहरणावरून माणसांविषयी निष्कर्ष काढू नयेत. माणसात ही ग्रंथीही नाही आणि हा परजीवीही नाही. आंतरलिंगी मूल आपल्याच वर्गात बसलेले असू शकते. ‘प्रदूषणाने बिघडलेला जीव’ हे शब्द तेही ऐकत असते.