जुळवून घेणे कोणाशी? : इंग्लंडमधील महाविद्यालयविषयक तीन अहवालांची चिकित्सा

प्रास्ताविक

सामाजिक व तंत्रवैज्ञानिक बदलांशी महाविद्यालयांनी जुळवून घेतले पाहिजे, हे विधान आता इतके सर्वमान्य झाले आहे की त्याची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. परंतु जुळवून कोणाशी घ्यावयाचे आणि कोणासाठी घ्यावयाचे, हे प्रश्न या विधानात अध्याहृतच राहतात. इंग्लंडमधील 'फर्दर एज्युकेशन' महाविद्यालयांच्या संदर्भात हे प्रश्न वारंवार चर्चिले गेले आहेत. त्या चर्चेतील १९९७, २००५ आणि २०१४ या वर्षांच्या तीन अहवालांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सोळाव्या वर्षी शाळा सोडलेली मुले, कारागिरी शिकणारे उमेदवार, सायंवर्गांना येणारे कामगार, संसारातून सवड काढून पुन्हा शिकू पाहणाऱ्या स्त्रिया आणि इंग्रजी शिकणारे स्थलांतरित, असा संमिश्र विद्यार्थिवर्ग या महाविद्यालयांत असतो. आपल्याकडील औद्योगिक प्रशिक्षण संस्था, कनिष्ठ महाविद्यालय, रात्र महाविद्यालय आणि प्रौढशिक्षण वर्ग एका छपराखाली आणल्यास जे चित्र दिसेल, त्याच्याशी त्यांचे साम्य आहे. १९४४ च्या शिक्षण कायद्याने अशा शिक्षणाची जबाबदारी स्थानिक शिक्षण प्राधिकरणांवर टाकली होती. १९९२ च्या कायद्याने ही महाविद्यालये त्या प्राधिकरणांच्या नियंत्रणातून बाहेर आली व १ एप्रिल १९९३ पासून स्वायत्त निगम बनली. त्यानंतर प्रवेश, अध्ययन आणि यशस्विता या टप्प्यांवर मोजलेल्या एककांनुसार त्यांना अनुदान मिळू लागले.

केनेडी अहवाल (१९९७)

विधिज्ञ हेलेना केनेडी यांच्या समितीने या नव्या व्यवस्थेचे परीक्षण केले. महाविद्यालयांतील परस्पर स्पर्धेमुळे सहकार्य मागे पडते आणि ज्यांना शाळेत यश मिळाले नाही ते पुन्हा वंचित राहतात, हा या अहवालाचा मध्यवर्ती मुद्दा होय. विद्यार्थ्याच्या निवासी भागाच्या टपाल सांकेतिकावरून वंचितता ठरवून जादा अनुदान द्यावे, ही त्यातील सूचना विशेष उल्लेखनीय आहे. येथे जुळवून घ्यावयाचे आहे ते शिक्षणाबाहेर राहिलेल्या माणसाशी.

तथापि या अहवालाची एक मर्यादा स्पष्ट दिसते. स्पर्धेचे दुष्परिणाम तो दाखवतो. पण त्यांवरील उपाय मात्र मुख्यतः त्याच अनुदानसूत्रात शोधतो. यशस्वितेवर अनुदानाचा अंश अवलंबून असेल, तर जो उत्तीर्ण होण्याची खात्री नाही त्यास प्रवेश देणे हे संस्थेच्या दृष्टीने जोखमीचेच राहते. जादा अनुदानाने ही जोखीम कमी होते, नाहीशी होत नाही.

फॉस्टर अहवाल (२००५)

सर अँड्र्यू फॉस्टर यांनी या महाविद्यालयांची तुलना शाळा व विद्यापीठे यांच्यामध्ये दुर्लक्षित राहिलेल्या मधल्या अपत्याशी केली. ही दुःस्थिती नेमकेपणाने मांडली गेली, हे या अहवालाचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु त्यावर सुचविलेला उपाय म्हणजे अर्थव्यवस्थेस उपयुक्त कौशल्यांचा पुरवठा हे महाविद्यालयांचे प्रधान प्रयोजन मानणे. केनेडी यांच्या मांडणीत केंद्रस्थानी असलेला शिकणारा येथे पुरवठ्याचा घटक ठरतो आणि जुळवून घेण्याचे लक्ष्य मालकवर्गाच्या मागणीकडे सरकते.

याच सुमारास धोरणाची दिशा बदलली. स्थलांतरितांना इंग्रजी वर्गांसाठी सरसकट मिळणारी शुल्कमाफी २००७ मध्ये इंग्लंडमध्ये बंद झाली. २०१३ पासून चोवीस वर्षांवरील विद्यार्थ्यांसाठी वरच्या स्तरावरील अभ्यासक्रमांना अनुदानाऐवजी कर्जाची तरतूद आली. २०१० नंतरच्या दशकात प्रौढशिक्षणावरील शासकीय खर्च जवळजवळ निम्म्यावर आला. हे सर्व फॉस्टर अहवालामुळे घडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. आर्थिक मंदीनंतरच्या काटकसरीचा त्यात मोठा वाटा आहे. मात्र प्रयोजन एकदा संकुचित केले की त्याबाहेरील कामावर कात्री चालवणे सोपे जाते, हे नाकारता येत नाही.

तंत्रज्ञानविषयक कृतिगटाचा अहवाल (२०१४)

अध्ययन तंत्रज्ञानासाठी नेमलेल्या कृतिगटाने शासकीय अनुदानप्राप्त प्रत्येक अभ्यासक्रमाचा १० टक्के भाग २०१५-१६ पासून संपूर्णतः ऑनलाइन असावा आणि २०१७-१८ पर्यंत हे प्रमाण ५० टक्क्यांपर्यंत नेण्यास प्रोत्साहन द्यावे, अशी शिफारस केली. अध्यापक व व्यवस्थापन यांच्या तंत्रक्षमतेचा विचार या अहवालात आहे आणि तो मोलाचा आहे. तरीही टक्केवारी हे उद्दिष्ट का व्हावे, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. वीटकाम शिकणारा उमेदवार आणि लेखाकर्म शिकणारी प्रौढ विद्यार्थिनी यांना तंत्रज्ञानाची गरज सारखी नसते. साधन किती वापरले हे मोजता येते. त्याने कोणाची अडचण दूर झाली हे त्या आकड्यातून कळत नाही. २०२० च्या महासाथीत संपूर्ण अध्यापन ऑनलाइन गेले, तेव्हा ज्यांच्या घरी संगणक वा पुरेशी जोडणी नव्हती ते विद्यार्थी मागे पडले. ही उणीव टक्केवारीच्या भाषेत आधी दिसणे शक्यच नव्हते.

आपल्या संदर्भात

महाराष्ट्रातील महाविद्यालयांना ही चिकित्सा परकी वाटू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनुसार 'स्वयम्' वरील अभ्यासक्रमांतून २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवता येत. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के झाली. ही सक्ती नसून मुभा आहे, हा फरक महत्त्वाचा आहे. तरीही मुभेचा लाभ कोणाला होतो आणि ती मुभा उद्या अध्यापकाच्या रिक्त पदाला पर्याय तर ठरणार नाही ना, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील बहुविध प्रवेश व निर्गमनाची तरतूदही याच दृष्टीने तपासावी लागेल. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन मजुरीला गेलेली विद्यार्थिनी परत यावी, यासाठी श्रेयांक पेढीत तिची नोंद असणे पुरेसे नाही. वर्गांच्या वेळा, शुल्क, वसतिगृह आणि तिची विचारपूस करणारा अध्यापक यांचीही गरज असते. निर्गमनाचे दार उघडणे सोपे असते; पुनःप्रवेशाचे दार खर्चिक असते. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या 'कमवा आणि शिका' योजनेमागील दृष्टी येथे आठवते. विद्यार्थ्याचे दारिद्र्य ही अपात्रता न मानता संस्थेनेच आपली रचना त्याच्या परिस्थितीला अनुरूप केली होती.

समारोप

या तीन अहवालांतून एक क्रम दिसतो. आधी माणूस, मग बाजारपेठ, त्यानंतर साधन. प्रत्येक अहवालात काही सत्य आहे. परंतु दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यावर पहिल्याचे विस्मरण झाले. रोजगार आणि तंत्रज्ञान हे विषय वर्ज्य करावेत असा याचा अर्थ नाही. प्रत्येक नव्या उपक्रमाच्या वेळी महाविद्यालयाने स्वतःस एक प्रश्न विचारावा, एवढेच येथे सुचवावयाचे आहे : या बदलाने आमच्या परिसरातील कोण आत येईल आणि कोण बाहेर राहील? गुणवत्ता हमी कक्षाच्या वार्षिक अहवालात प्रवेशितांच्या संख्येबरोबरच मध्येच गेलेल्या आणि परत आलेल्या विद्यार्थ्यांची नोंद ठेवणे, ही त्याची सुरुवात ठरू शकेल. त्यासाठी नव्या धोरणाची वाट पाहण्याचे कारण नाही.