‘अवतरणिका’ आणि ‘महानगर’ची श्रेयनामावली

कलकत्त्याची पहिली विजेची ट्राम २७ मार्च १९०२ रोजी एस्प्लनेडहून खिदिरपूरकडे धावली. मैदानाच्या कडेने गोदीकडे जाणारा तो मार्ग २०२० च्या अम्फान वादळाने तारा तोडल्यापासून बंद आहे. मुंबईची ट्राम तर ३१ मार्च १९६४ लाच संपली. तेव्हा डोक्यावरच्या तारेला टेकून धावणारा तो लांब दांडा पाहावयाचा झाला, तर आजच्या रसिकाला सत्यजित राय यांच्या ‘महानगर’ (१९६३) या चित्रपटाच्या श्रेयनामावलीकडेच वळावे लागते. या नामावलीविषयी आपल्या समीक्षेत फारसे बोलले जात नाही. कथानकाला जेथे आरंभ होतो तेथूनच चित्रपटाचा विचार करावयाचा, ही सवय आपण साहित्यसमीक्षेतून बरोबर आणली आहे.

पडद्यावर दिसते ते इतकेच : आकाश, तार, आणि तिच्यावरून घसरत जाणारे दांड्याचे टोक. मधूनच ठिणगी उडते. नावे येतात आणि जातात. कॅमेरा मात्र बराच वेळ तेथून खाली उतरत नाही. ट्राम दिसत नाही, रस्ता दिसत नाही, माणूस तर नाहीच. आपण एका गतीत ओढले गेलो आहोत एवढे जाणवते. त्या गतीचा प्रवासी कोण, हे कळत नाही. मग आपण डब्यात येतो आणि कामावरून घरी परतणारा, थकलेला सुब्रत दिसतो. त्याची ओळख होण्यापूर्वीच त्याच्या दिवसाची लय आपल्या अंगात भिनलेली असते.

या दांड्याला प्रतीक म्हणण्याची घाई करू नये. तो तारेवर टिकतो तो खालच्या स्प्रिंगच्या दाबामुळे. स्पर्श क्षणभर सुटला की ठिणगी पडते. ही प्रथम एक यांत्रिक वस्तुस्थिती आहे, आणि राय यांनी ती तशीच दाखविली आहे. पुढे आरती घराबाहेर पडून विणकामाची यंत्रे विकू लागते, आणि सासरे, नवरा, मूल यांच्याशी असलेला तिचा स्पर्श जागोजाग डळमळतो. त्या वेळी प्रेक्षकाला ठिणगी आठवेलच असे नाही. परंतु ताण आणि गती एकत्र नांदतात हे त्याच्या डोळ्यांना आधीच ठाऊक झालेले असते.

आपल्या परंपरेला ही गोष्ट परकी नाही. ‘शाकुंतला’च्या प्रस्तावनेत सूत्रधार कवीचे व नाटकाचे नाव सांगतो. ते अर्थातच श्रेयनामावलीचे काम झाले. पण नटीचे गाणे ऐकून तो कोणते नाटक करावयाचे हेच विसरतो, आणि विस्मरणावर उभ्या राहिलेल्या नाटकाचे बीज तेथे पडते. प्रेक्षक तो विसर हसून सोडून देतो. पाचव्या अंकात तोच विसर त्याला बोचतो.

‘महानगर’ ज्या कथेवर आधारलेला आहे त्या नरेंद्रनाथ मित्र यांच्या कथेचे नाव ‘अवतरणिका’ असे आहे. मराठीतही हा शब्द प्रस्तावना याच अर्थाने आहे, म्हणून अनुवादकाला येथे काहीच करावे लागत नाही. असे सुख क्वचितच लाभते. राय यांनी ते नाव टाकून भारदस्त नाव घेतले. कथेच्या नावातील नम्रता त्यामुळे हरवली, असे मला प्रथम वाटे. आता वाटते की, नाव गेले तरी त्याचे कार्य या नामावलीने आपल्याकडे घेतले आहे. शेवटी नोकरी गमावलेली ती दोघे गर्दीत मिसळून जातात आणि कॅमेरा पुन्हा वर उचलला जातो, रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाकडे. दोहोंपैकी एकच दिवा जळतो आहे. विझलेल्या दिव्याचे अर्थ पुष्कळांनी लावले आहेत. मला महत्त्वाची वाटते ती वर उचललेली नजर. आरंभी तार, शेवटी दिवा. दोन्हींत एकच वीज. मधली सारी कथा या दोन वर पाहण्यांच्या मध्ये, जमिनीवर, घडते.

राय मूळचे जाहिरातक्षेत्रातले व मुखपृष्ठे सजविणारे चित्रकार. अक्षर आणि चित्र यांचे नाते त्यांना हाताने ठाऊक होते. ‘चारुलता’त (१९६४) नावे येत असताना रुमालावर ‘बी’ हे अक्षर भरणारे हात दिसत राहतात, आणि भूपती पडद्यावर येण्याआधीच त्याच्या नावाचा टाका पडत असतो. तेथील बांधणी अधिक रेखीव आहे. मला ‘महानगर’ची ओबडधोबड तार अधिक भावते.

बंगाली लिपी न येणाऱ्या प्रेक्षकाचे येथे नुकसान होते असे समजले जाते. उपशीर्षके संवादांना मिळतात, नामावलीला बहुधा नाही. पण ज्याला अक्षरे वाचता येत नाहीत त्याला तारच वाचावी लागते. या एका बाबतीत तो बंगाली वाचकाहून सुदैवी म्हणावयाचा. दुर्दैवी आहे तो घरबसल्या पाहणारा प्रेक्षक, ज्याच्यापुढे आता नामावली ओलांडण्याचे बटनच ठेवले जाते. ‘महानगर’पुरते बोलावयाचे तर ते बटन दाबणारा थेट ट्रामच्या डब्यात जाऊन बसतो, आणि अखेरीस कॅमेरा दिव्याकडे का वळला, हे त्याला कोणी सांगितले तरी ते ऐकीवच राहते.