मुंबईचे दोन 'अमर'

मुंबईच्या कलाजीवनावर लिहिणारा माणूस बहुधा काळा घोड्यापासून सुरुवात करतो. १९२२ साली खुले झालेले वस्तुसंग्रहालय, १९५२ चे जहांगीर कलादालन, नरीमन पॉइंटवरील एनसीपीए आणि १९९९ पासून भरणारा काळा घोडा महोत्सव अशी ती यादी असते. यादी चुकीची नाही. ही स्थळे मुंबईचे वैभवच आहेत. परंतु ही यादी कला जिथे मांडली जाते त्या जागांची आहे. कला जिथे घडली त्या मोहल्ल्यांची आणि चाळींची नोंद तिच्यात क्वचितच सापडते. ही उणीव आम्हाला दोन कलावंतांच्या आधारे दाखवायची आहे. योगायोग असा की दोघेही 'अमर' आहेत.

पहिले उस्ताद अमान अली खाँ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तीन भाऊ उत्तरेतून मुंबईत आले आणि त्यांच्या गायकीला भेंडीबाजार घराणे हे नाव पडले. ग्वाल्हेर, जयपूर ही संस्थानांची नावे. इथे मात्र राजा नाही, दरबार नाही, आहे तो गजबजलेला बाजार. छज्जू खाँचे पुत्र अमान अली हे उत्तम बंदिशकार होते आणि बंदिशीत 'अमर' हे टोपणनाव घालीत.

या गायकीचा कणा म्हणजे मेरुखंड. चार स्वरांच्या मांडण्या चोवीस होतात, पाचांच्या एकशेवीस आणि सातांच्या ५,०४०. हे गणित रियाजात घोटायचे आणि गाताना लपवायचे, ही खरी कसोटी. नुसता पाठांतराचा गायक इथे हमखास कोरडा होतो. अमान अलींनी मध्यलय आणि बंदिशीचे शब्द यांच्या बळावर हा कोरडेपणा टाळला. कर्नाटक संगीताचाही त्यांनी अभ्यास केला. हंसध्वनी राग हिंदुस्थानी मैफलीत रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. उस्ताद अमीर खाँच्या गायकीवर त्यांचा ठसा आहे. लता मंगेशकरांनीही काही काळ त्यांची तालीम घेतली. नझीर खाँच्या शिष्या अंजनीबाई मालपेकर, आणि पुढे त्यांच्याकडे शिकलेले कुमार गंधर्व. म्हणजे भेंडीबाजारातून निघालेली ही वाट थेट मराठी रसिकांच्या घरापर्यंत येते. तरीही भेंडीबाजार म्हटले की सामान्य वाचकाला गर्दी आठवते किंवा सिनेमातला गुंड आठवतो.

दुसरे शाहीर अमर शेख. १९१६ साली बार्शीत जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल. बसवर क्लीनर, मग गिरणीत कामगार आणि पुढे लोकांचा शाहीर. अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह १९४४ साली त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. परळ-लालबागच्या कामगार मैदानांत आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत या पहाडी आवाजाने माणसे जागी केली. त्यांची काही कविता छापील पानावर घोषणेकडे झुकते, हे आम्हाला मान्य आहे. पण शाहिराला केवळ पानावर जोखणे हाच अन्याय आहे. तिचा अर्धा अर्थ आवाजात होता आणि उरलेला समोरच्या गर्दीत.

एक 'अमर' अभिजात, दुसरा लोककलेचा. एकाने सूर सूक्ष्म केला, दुसऱ्याने तो हजारोंपर्यंत नेला. दोघांनाही घडवले ते याच शहराच्या दाट वस्तीने. आणि दोघांचीही ओळख अर्धीच राहिली. अमान अलींचा उल्लेख संगीताच्या ग्रंथांत होतो, पण त्यांचा मोहल्ला गळतो. अमर शेखांचा उल्लेख चळवळीच्या इतिहासात होतो, पण कवी म्हणून त्यांची चिकित्सा फारशी होत नाही.

दोष केवळ मराठी समीक्षेचा आहे, असे म्हणून आम्ही मोकळे होणार नाही. आपल्या समाजातही गाणे-बजावणे कमी प्रतीचे समजणारे पुष्कळ आहेत. उस्तादांचा अभिमान त्यांच्या नावापुरता, त्यांच्या विद्येचा नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवतो. या मुलांना गालिब आणि इक्बाल पाठ असतात, पण आपल्याच शहराच्या एका बाजाराचे नाव गायकीला मिळाले हे त्यांना क्वचितच कोणी सांगते. मराठी शाळेतल्या मुलालाही अमर शेख हे मेहबूब हुसेन होते, हे सांगितले जात नाही. दोन्ही वर्गांतली मुले एकाच वारशाला पारखी होत आहेत.

आज हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. भेंडीबाजारातील साडेसोळा एकरांवरील सुमारे २५० जुन्या इमारतींचा पुनर्विकास २००९ नंतर हाती घेण्यात आला. गिरणगावात गिरण्यांच्या जागी टॉवर आले. लोकांना चांगली घरे मिळावीत, याबद्दल दुमत नाही. पडक्या चाळीत राहणाऱ्याला वारशाचे प्रवचन देणे आम्हाला शोभणार नाही. पण भिंती गेल्या की स्मृतीला आधार उरतो तो लिहिलेल्या शब्दाचा. तो शब्द कोण लिहिणार?

आमच्या मते हे काम मुस्लिम मराठी लेखकाचे आहे. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा त्याला अवगत आहेत. अमान अलींच्या शिष्यपरंपरेजवळ असलेल्या बंदिशी, अमर शेखांना प्रत्यक्ष ऐकलेल्या वृद्धांच्या आठवणी, हे सारे अजून थोडेफार हाती लागू शकते. मुंबईची सांस्कृतिक यादी अपुरी आहे अशी तक्रार पुरे झाली. तिच्यातली गळलेली पाने आपणच लिहायला हवीत.