‘इच्छामूल्य’ : एक परीक्षण

‘रेडिओहेड’ या इंग्रज वाद्यवृंदाने १० ऑक्टोबर २००७ रोजी ‘इन रेनबोज’ हा गीतसंग्रह आंतरजालावर ठेवला व त्याची किंमत ठरविण्याचे काम श्रोत्यावर सोपविले. शून्य हा आकडाही त्यास वर्ज्य नव्हता. या प्रयोगास अपूर्व म्हणण्यात येते. ते कितपत यथार्थ आहे?

वासुदेवाचे दान, कीर्तनातील आरतीच्या तबकात पडणारे नाणे, तमाशातील दौलतजादा या तिन्ही ठिकाणी रक्कम देणाराच ठरवितो. मराठीने मात्र यांपैकी एकालाही ‘किंमत’ म्हटलेले नाही. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. तबक चारचौघांत फिरते; दौलतजादा करणाऱ्याचे नाव फडावर पुकारले जाते. तेथे इच्छा लोकलज्जेने बांधलेली असते. आंतरजालावरील श्रोत्यास कोणी पाहत नाही. त्याची इच्छा खरोखरच मोकळी असते. ‘रेडिओहेड’ला ती पेलली, कारण त्यांची कीर्ती आधीच जगभर पसरलेली होती.

नंदाखाल परिसरातील सामवेदी ख्रिस्ती समाजाच्या कादोडी बोलीतील लग्नगीतांची गोष्ट वेगळी आहे. ती मांडवात स्त्रिया मिळून गातात. त्यांचा कर्ता अज्ञात, आणि त्यांना किंमत अशी नाहीच. ती ध्वनिमुद्रित होऊन इच्छामूल्याने मिळू लागली, तर देणारा निश्चित होईल, घेणारा कोण? मूल्य कोणी ठरवावे, यापूर्वी ते कोणाच्या पदरी पडावे याचा निर्णय व्हावयास हवा. ‘इच्छामूल्य’ ही संज्ञा त्याविषयी मौन पाळते, आणि हीच तिची खरी उणीव होय.