हिमतुषार (शब्दविचार)

गवत, पाने इ. पृष्ठभाग गोठणबिंदूखाली थंड झाले म्हणजे हवेतील बाष्पाचे त्यांवर जमणारे पांढरे स्फटिक. अमरकोशात नीहार, तुषार, तुहिन, हिम, प्रालेय हे शब्द एकाच गटात येतात. दव, धुके व बर्फ यांच्या सीमा तेथे काटेकोर नाहीत. मराठीत हे शब्द पांगले. ‘तुषार’ हा पाण्याचा उडता थेंब झाला. तुषार सिंचनात थंडीचा लवलेशही नाही. ‘हिमा’पासून आलेले ‘हिव’ शरीरात शिरले : हिव भरते, हिवताप येतो. कोल्हापूरच्या गूळबाजारात हिवाळा म्हणजे नव्या गुळाची आवक. हिमतुषार तेथे अनुभवाचा विषयच नाही. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या परिसरात कडक थंडीत असा पांढरा थर दिसतो, तेव्हा वृत्तपत्रे ‘दवबिंदू गोठले’ असे लिहितात. ‘हिमवर्षाव’ या भाषांतरापेक्षा हे वर्णन सरस आहे. कारण हिमतुषार आकाशातून पडत नाहीत, जागीच जमतात. निफाडचा द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, तो जमिनीलगतच्या याच गारठ्याविरुद्ध. काव्यातील ‘दहिवर’ मोहक खरे. परंतु ते बहुधा दवाचेच वाचक असल्याने पिकाला इशारा देताना अपुरे पडते.