बंदिशकार कुमार गंधर्व आणि आपली माळवी

8 एप्रिल 2024 रोजी कुमार गंधर्वांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त ठिकठिकाणी कार्यक्रम झाले, लेख आले. त्यांपैकी जे आमच्या पाहण्या-ऐकण्यात आले, त्यांत निर्गुणी भजनांचा गौरव मोठा होता. गायक कुमारांवरही पुष्कळ बोलले गेले. रचनाकार कुमारांचा उल्लेख मात्र बहुधा एखाद-दुसऱ्या वाक्यात आटोपला. आमच्या मते त्यांचे सर्वांत टिकाऊ कार्य त्यांच्या बंदिशींत आहे, आणि त्याची उपेक्षा करणाऱ्यांत माळव्यातले आपण मराठी लोकही आहोत. विधान कटू आहे. म्हणून त्याची कारणे सांगणे आमचे कर्तव्य ठरते.

चरित्र सर्वांस ठाऊक आहे. बेळगावनजीक सुळेभावी येथे कानडी घरात जन्म, बालवयातच मैफली, पुढे मुंबईस प्रो. बी. आर. देवधरांकडे शिक्षण. 1947 साली भानुमती कंस यांच्याशी विवाह झाला आणि पाठोपाठ क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी 1948 च्या आरंभी ते देवासला आले. सुमारे पाच वर्षे गाणे बंद होते. त्या काळात कान तेवढे मोकळे होते. टेकडीवरच्या देवीच्या दर्शनाला जाणारी माणसे, लग्नघरच्या बायका, दारोदार फिरणारे नाथपंथी जोगी यांचे गाणे त्या कानांवर पडत राहिले.

या ऐकण्यातून त्यांचा एक विचार सिद्ध झाला. लोकधून चार-पाच स्वरांतच फिरते, पण तिचे वळण निश्चित असते आणि त्या वळणात राग दडलेला असतो. मालवती, सहेली तोडी, संजारी, लगनगांधार, मधसूरजा हे त्यांचे धुनउगम राग असे उगवले. 1965 साली ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ निघाला. 1992 साली कुमार गेले. ग्रंथाचा दुसरा भाग त्यानंतर प्रसिद्ध झाला.

परंपरागत ख्यालाच्या शब्दांत सासू-नणंद, परदेशी गेलेला प्रियकर, पैंजणांची रुणझुण हे ठरलेले विषय. पिढ्यांमागून पिढ्यांच्या तोंडी ते शब्द झिजले आणि अनेक गायकांना ते स्वर टांगण्याच्या खुंटीएवढेच उरले. कुमारांनी शब्दाला पुन्हा अर्थ दिला. मधसूरजाचेच उदाहरण घ्यावे. भर दुपारी बळीसाठी नेली जाणारी बकरी देवीला विनवते आहे. तिचे पिलू घरी एकटे आहे. ख्यालात असा विषय आमच्या तरी ऐकण्यात दुसरा नाही. त्यात करुणेचे प्रदर्शन नाही. दुपारचे ऊन, चढण आणि एका आईचे दुसऱ्या आईशी बोलणे एवढेच आहे. रागाचे नाव, प्रहर, शब्द आणि स्वर एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. बंदिश म्हणजे बांधणी ती हीच.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. विलंबित ख्यालाचा ऐसपैस विस्तार कुमारांच्या प्रकृतीत नव्हता, त्यामुळे त्यांच्या रचना आटोपशीर राहिल्या, हा पहिला. तो काही अंशी खरा आहे. पण मधसूरजासारखा विषय लांबवला तर त्याची धार जाते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे राग कुमारांच्या कंठाबरोबरच संपले, असे म्हणतात. स्वरलिपी स्वराचे स्थान सांगते, उच्चार सांगत नाही, हे आम्हांस मान्य आहे. तथापि सत्यशील देशपांडे, मधुप मुद्गल, कलापिनी आणि भुवनेश कोमकली यांनी ही परंपरा पुढे नेली आहे. बंदिश गळ्यांत जिवंत आहे. तिला उणीव आहे ती ऐकणाऱ्यांची.

आता आपल्याविषयी. अठराव्या शतकात होळकर, शिंदे, पवारांबरोबर आलेल्या आपल्या घराण्यांनी मराठी जपली, हे भूषणच आहे. देवास, इंदूर, ग्वाल्हेर येथे आयुष्य घालवून तांब्यांनी मराठी कविता समृद्ध केली आणि कुमारांनी ‘तांबे गीतरजनी’ सादर करून त्यांचे ऋण मानले. त्या कार्यक्रमाचे कौतुक आपण आजही करतो. पण कुमारांनी बंदिशींसाठी माळवी वळणाची बोली घेतली, तिच्याकडे आपले लक्ष गेले नाही. ती दूधवाल्याशी नि मोलकरणीशी बोलायची, असा आपल्या घरांतला रिवाज.

आम्ही स्वतः राज्य शासनाच्या महसूल खात्यात नोकरी केली. तहसिलीच्या ओसरीवर खेड्यांतल्या बायाबापड्यांच्या माळवी कैफियती रोज ऐकल्या आणि त्या सरकारी हिंदीत उतरवून घेतल्या. मजकूर उतरला, त्या बोलण्यातला चढउतार कागदावर आला नाही आणि आमच्या कानीही आला नाही. निवृत्तीनंतर मधसूरजा पुन्हा ऐकली तेव्हा जाणवले की, ती विनवणी त्याच कैफियतींच्या सुरातली आहे. बेळगावाकडून आलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या एका कानडी तरुणाने पाच वर्षांत जे ऐकले, ते आमच्या कुळाने दोनशे वर्षांत ऐकले नव्हते.

यात कुमारांचे मोठेपण आहे, तसे आमचे उणेपणही आहे. ते भरून काढण्यास अजून उशीर झालेला नाही. ‘अनूपरागविलास’चे दोन्ही भाग आपल्या ग्रंथसंग्रहात असावेत, आणि येत्या पावसाळ्यातील सभेत त्यांतील काही बंदिशी गाऊन घ्याव्यात. त्या वेळी शब्दांचा अर्थ सांगावयास माळवी बोलणाऱ्या एखाद्या वृद्ध बाईंना आदराने बोलवावे. त्या दिवशी व्यासपीठावरची खुर्ची त्यांची असावी आणि आम्ही समोर सतरंजीवर बसावे.